क्लाउडमधील खासगी जाळ्याची बहिर्गामी इंटरनेट जोडणी

क्लाउडमधील खासगी जाळ्याची बहिर्गामी इंटरनेट जोडणी म्हणजे क्लाउड सेवादात्याकडे ग्राहकाने स्वतःपुरत्या आखून घेतलेल्या जाळ्यातील सर्व्हरला बाहेरच्या इंटरनेटशी स्वतःहून संपर्क साधता यावा, परंतु बाहेरून कोणालाही त्या सर्व्हरशी संपर्क सुरू करता येऊ नये, यासाठी केलेली व्यवस्था होय. अशा सर्व्हरला स्वतःचा जाहीर आयपी पत्ता नसतो. तरीही प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या उतरवून घेणे, बँकेच्या देयक सेवेशी व्यवहार करणे, ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवणे अशा कामांसाठी त्याला बाहेर जावेच लागते.

ही जोडणी कोणत्याही एका यंत्रावर अवलंबून नसते. पत्ता, मार्ग, पत्त्याचे रूपांतर, परवानगी आणि नामशोध या पाच गोष्टी एकाच वेळी बरोबर असाव्या लागतात. शिवाय संदेश जाताना आणि उत्तर परत येताना, अशा दोन्ही दिशांनी वाट मोकळी असावी लागते. यांपैकी एक दुवा तुटला तरी वापरणाऱ्याला दिसणारे लक्षण बहुधा एकच असते, ते म्हणजे ‘जोडणी होत नाही’. त्यामुळे नेमका कोणता दुवा तुटला हे क्रमाने शोधून काढणे हेच दोषनिदानाचे मुख्य काम ठरते. घाईघाईने सर्व परवानग्या खुल्या केल्यास जोडणी कधी कधी सुरू होते. परंतु ज्या हेतूने खासगी जाळे उभारले, तो हेतूच त्यामुळे नष्ट होतो.

या लेखातील तपशील मुख्यतः ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, म्हणजेच एडब्ल्यूएस, या सेवेतील रचनेला धरून दिला आहे. अन्य सेवांतील महत्त्वाचे फरक स्वतंत्र विभागात नोंदवले आहेत.

पार्श्वभूमी

इंटरनेटवरील आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे असे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्तेच संभवतात. ही संख्या पुरणार नाही हे १९९०च्या दशकाच्या आरंभीच लक्षात आले. मे १९९४मध्ये के. एगेवांग आणि पी. फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ या दस्तऐवजात नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, संक्षेपाने नॅट, या तंत्राचे वर्णन केले. फेब्रुवारी १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८नुसार १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ हे तीन पत्तासमूह खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले. हे पत्ते कोणत्याही संस्थेला आपल्या जाळ्यात वापरता येतात. मात्र इंटरनेटवर त्यांच्याकडे जाणारा मार्ग अस्तित्वात नसतो. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयपीव्ही४ पत्त्यांच्या केंद्रीय साठ्यातील शेवटचे गट जगातील पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटून देण्यात आले.

क्लाउड सेवांनी हीच खासगी पत्त्यांची पद्धत स्वीकारली. एडब्ल्यूएसने ऑगस्ट २००९मध्ये ‘व्हर्च्युअल प्रायव्हेट क्लाउड’ (व्हीपीसी) ही सेवा आणली. प्रारंभी या खासगी जाळ्याला फक्त ग्राहकाच्या स्वतःच्या कार्यालयाशी जोडता येत असे. थेट इंटरनेटशी जोडण्याची सोय मार्च २०११मध्ये झाली. पत्त्यांच्या रूपांतरासाठी तेव्हा ग्राहकाला एक सर्व्हर स्वतः चालवावा लागे. डिसेंबर २०१५मध्ये एडब्ल्यूएसने नॅट गेटवे ही तयार सेवा दिली आणि तो भार कमी झाला. भारतात मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, एडब्ल्यूएसने जून २०१६मध्ये मुंबई येथे, तर गूगलने २०१७मध्ये मुंबई येथे आपली क्लाउड केंद्रे सुरू केली.

नॅटचे तत्त्व

नॅटचे कार्य सरकारी कचेरीतील आवक-जावक नोंदवहीच्या उदाहरणाने समजून घेता येते. कचेरीतील कोणत्याही मेजावरून निघालेले पत्र कचेरीच्या एकाच पत्त्यावरून बाहेर जाते; त्यावर जावक क्रमांक पडतो आणि वहीत त्या क्रमांकापुढे मूळ मेजाची नोंद होते. उत्तर देणारा तो क्रमांक उद्धृत करतो, म्हणून उत्तर योग्य मेजापर्यंत पोहोचते. ज्या पत्रावर असा संदर्भ नाही, ते कोणत्याच मेजाकडे जात नाही.

नॅट गेटवे सर्व्हरचा खासगी पत्ता बदलून त्या जागी आपला जाहीर पत्ता घालतो आणि जावक क्रमांकासारखा एक पोर्ट क्रमांक नेमून देतो. नोंद असेपर्यंत उत्तरे परत येऊ शकतात. बाहेरून अचानक आलेल्या संदेशाची नोंद नसल्याने तो टाकून दिला जातो. खासगी जाळ्याला मिळणारे संरक्षण आणि त्यात उद्भवणारे बरेचसे दोष या दोहोंचे मूळ याच नोंदीत आहे.

रचना

व्हीपीसी हा खासगी पत्त्यांचा एक समूह असतो. एडब्ल्यूएसमध्ये एका समूहाचा आकार /१६ ते /२८ या मर्यादेत ठेवता येतो. त्याचे लहान भाग म्हणजे सबनेट. प्रत्येक सबनेटमधील पहिले चार आणि शेवटचा असे पाच पत्ते सेवादाता स्वतःकडे राखून ठेवतो. बहिर्गामी जोडणीशी पुढील घटकांचा संबंध येतो.

राउट टेबल : कोणत्या पत्त्याकडे जाणारे पॅकेट कोणाकडे सोपवायचे हे सांगणारी मार्गसूची. ०.०.०.०/० ही नोंद ‘इतर सर्व पत्ते’ असा अर्थ दर्शवते. एकाहून अधिक नोंदी लागू पडत असतील, तर सर्वांत नेमकी नोंद ग्राह्य धरली जाते.

इंटरनेट गेटवे : व्हीपीसी आणि इंटरनेट यांमधील दार. ज्या सबनेटची ०.०.०.०/० ही नोंद या गेटवेकडे जाते, त्याला सार्वजनिक सबनेट म्हणतात. ज्याची तशी नोंद नसते, ते खासगी सबनेट.

नॅट गेटवे : वर वर्णिलेले रूपांतर करणारी सेवा. एका उपलब्धता क्षेत्रापुरता असलेला पारंपरिक नॅट गेटवे इंटरनेटसाठी वापरायचा असेल, तर तो सार्वजनिक सबनेटमध्ये असावा लागतो आणि त्याला ‘इलॅस्टिक आयपी’ नावाचा स्थिर जाहीर पत्ता जोडावा लागतो.

सिक्युरिटी ग्रुप : प्रत्येक सर्व्हरच्या जाळेजोडणीवरील नियमसंच. हा संच जोडणीची आठवण ठेवतो. बाहेर जाणाऱ्या संदेशाला परवानगी असेल तर त्याच्या उत्तरासाठी निराळा नियम लागत नाही.

नेटवर्क एसीएल : संपूर्ण सबनेटच्या सीमेवरील नियमसूची. ती आठवण ठेवत नाही. जाणारा संदेश आणि येणारे उत्तर यांची तपासणी स्वतंत्रपणे होते. त्यामुळे दोहोंसाठी निराळे नियम लिहावे लागतात. नियम चढत्या क्रमांकाने तपासले जातात आणि लागू पडणारा पहिला नियम अंतिम ठरतो.

डीएनएस : संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा. व्हीपीसीच्या मूळ पत्त्यात दोन मिळवले असता या सेवेचा पत्ता मिळतो. १०.०.०.०/१६ या जाळ्यात तो १०.०.०.२ असा असतो.

एका संदेशाचा प्रवास

समजा, १०.०.०.०/१६ या जाळ्यात १०.०.०.०/२४ हे सार्वजनिक आणि १०.०.१.०/२४ हे खासगी सबनेट आहे. खासगी सबनेटमधील १०.०.१.२५ या सर्व्हरला १९८.५१.१००.२० या बाहेरच्या पत्त्याशी पोर्ट ४४३ वर सुरक्षित संपर्क साधायचा आहे. नॅट गेटवेचा खासगी पत्ता १०.०.०.८ आणि जाहीर पत्ता २०३.०.११३.७ आहे. (येथील दोन्ही जाहीर पत्ते लेखनातील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या समूहांतील आहेत.)

सर्व्हर आपल्या बाजूचा एक तात्पुरता पोर्ट निवडतो. लिनक्समध्ये हा पोर्ट सामान्यतः ३२७६८ ते ६०९९९ या मर्यादेतील असतो. निघालेले पॅकेट प्रथम सर्व्हरच्या सिक्युरिटी ग्रुपमधून आणि नंतर खासगी सबनेटच्या एसीएलमधून पार होते. राउट टेबल त्याला नॅट गेटवेकडे पाठवते. सार्वजनिक सबनेटमध्ये शिरताना तेथील एसीएलची परवानगी लागते. पुढे गेटवे पत्ता बदलतो, नोंद करतो आणि पॅकेट सार्वजनिक सबनेटच्या एसीएलमधून इंटरनेट गेटवेमार्गे बाहेर पडते.

उत्तर याच वाटेने उलट येते. मात्र ते ४४३ पोर्टकडे नव्हे, तर तात्पुरत्या पोर्टकडे येते. नॅट गेटवे १०२४ ते ६५५३५ या मर्यादेतील पोर्ट वापरतो. म्हणून सार्वजनिक सबनेटच्या एसीएलमध्ये हे पोर्ट बाहेरून आत येण्यासाठी आणि पुढे खासगी सबनेटकडे जाण्यासाठी खुले असावे लागतात. खासगी सबनेटच्या एसीएलमध्येही सर्व्हर वापरत असलेले तात्पुरते पोर्ट अंतर्गामी दिशेने खुले हवेत. ‘४४३ पोर्ट तर खुला केला आहे, तरीही जोडणी होत नाही’ या तक्रारीमागे उत्तराची ही परतीची वाट विसरली जाणे हे नेहमीचे कारण असते.

लक्षणांचा अर्थ

जोडणी न होण्याचे प्रकार वरवर सारखे दिसले, तरी त्यांतून निराळी माहिती मिळते.

नाव सापडत नाही : दोष नामशोधात आहे. इंटरनेटकडे जाणाऱ्या मार्गाविषयी यावरून काहीही निष्कर्ष काढता येत नाही.

वाट पाहून वेळ संपतो : पॅकेट कोठे तरी निमूटपणे टाकले जात आहे. राउट टेबलमधील चूक, नॅट गेटवेचा अभाव, सिक्युरिटी ग्रुप किंवा एसीएल यांचा नकार ही याची प्रमुख कारणे होत. ही सर्व साधने पॅकेट टाकून देताना पाठवणाऱ्याला कळवत नाहीत.

जोडणी नाकारली जाते : हे लक्षण त्या मानाने आशादायक असते. नकार हेही उत्तरच आहे. ते परत आले याचा अर्थ जाण्यायेण्याचा मार्ग बहुधा शाबूत आहे. पलीकडे त्या पोर्टवर सेवा चालू नसावी किंवा मधल्या एखाद्या फायरवॉलने स्पष्ट नकार दिला असावा.

प्रमाणपत्राची चूक किंवा ४०३, ४०७ असे संकेतांक : जोडणी झालेली आहे. दोष सर्व्हरचे चुकलेले घड्याळ, मधला प्रॉक्सी, किंवा पलीकडच्या सेवेने न दिलेली परवानगी यांपैकी कशात तरी असतो.

कधी होते, कधी होत नाही : मूळ मांडणी बहुधा बरोबर असते. पोर्ट संपणे, नोंदीची मुदत उलटणे किंवा अनेक मार्गांपैकी एकच बिघडलेला असणे, अशा कारणांकडे लक्ष द्यावे लागते.

निदानाचा क्रम

पहिली पायरी व्याप्ती ठरवण्याची असते. दोष एकाच सर्व्हरवर आहे की सबनेटमधील सर्वच सर्व्हरवर, एकाच बाहेरच्या ठिकाणापुरता आहे की सर्वत्र, सतत आहे की अधूनमधून, या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी शोधाचे क्षेत्र पुष्कळ आकुंचित होते. एकच सर्व्हर अडला असेल तर राउट टेबल किंवा नॅट गेटवे दोषी असण्याची शक्यता कमी. सर्वच अडले असतील तर एखाद्या सर्व्हरची अंतर्गत मांडणी तपासण्यात अर्थ नसतो.

दुसरी पायरी सर्व्हरच्या आतली. त्याचा स्वतःचा पत्ता, त्याची मूळ मार्गनोंद, प्रणालीतील फायरवॉल, प्रॉक्सीची मांडणी आणि घड्याळ हे तपासले जाते. सर्व्हरवर डॉकर बसवलेले असेल तर त्याचे अंतर्गत जाळे सामान्यतः १७२.१७.०.०/१६ हा समूह वापरते. संस्थेतील दुसऱ्या एखाद्या जाळ्यालाही हाच समूह दिलेला असेल, तर तिकडे जाणारी पॅकेट सर्व्हरबाहेर पडतच नाहीत.

तिसरी पायरी नामशोधाची. एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या डीएनएस सेवेकडे जाणारे प्रश्न नॅट गेटवेमार्गे जात नाहीत आणि सिक्युरिटी ग्रुप किंवा एसीएल यांना ते अडवता येत नाहीत. म्हणून नाव सापडले, तरी त्यावरून इंटरनेटचा मार्ग चालू आहे असे सिद्ध होत नाही. याउलट संस्थेने स्वतःची डीएनएस सेवा वापरली असेल, तर तिच्यापर्यंतचा मार्ग निराळा तपासावा लागतो.

चौथी पायरी मार्गाची. येथे सबनेटला प्रत्यक्षात जोडलेले राउट टेबल पाहणे आवश्यक असते. ज्या सबनेटला कोणतेही टेबल स्पष्टपणे जोडलेले नाही, त्याला व्हीपीसीचे मुख्य टेबल लागू होते. त्यामुळे काळजीपूर्वक तयार केलेले टेबल जोडायचेच राहून गेले, तर त्यातील नोंदी निरुपयोगी ठरतात.

पाचवी पायरी नॅट गेटवेची. तो उपलब्ध स्थितीत आहे काय, त्याला जाहीर पत्ता आहे काय, आणि तो ज्या सबनेटमध्ये आहे त्याची मार्गनोंद इंटरनेट गेटवेकडे जाते काय, हे पाहिले जाते.

सहावी पायरी परवानग्यांची. सिक्युरिटी ग्रुपचे बहिर्गामी नियम आणि दोन्ही सबनेटच्या एसीएलमधील दोन्ही दिशांचे नियम वर दिलेल्या प्रवासाच्या क्रमाने वाचले जातात.

सातवी पायरी बाहेरच्या टोकाची. बँका आणि देयक सेवा पुष्कळदा ठरावीक पत्त्यांवरून आलेल्या विनंत्याच स्वीकारतात. नॅट गेटवे नव्याने उभारताना जाहीर पत्ता बदलला असेल, तर तो त्यांना कळवल्याखेरीज जोडणी होत नाही.

प्रत्येक वेळी एकच बदल करून परिणाम पाहणे आणि ज्या बदलाने काही साधले नाही तो लगेच पूर्ववत करणे, हा नियम सर्व पायऱ्यांना लागू आहे. अनेक बदल एकदम केल्यास जोडणी सुरू झाली तरी खरे कारण अज्ञात राहते आणि निष्कारण खुली केलेली दारे तशीच राहून जातात.

नेहमी आढळणारे दोष

नॅट गेटवे चुकीच्या सबनेटमध्ये असणे : तो खासगी सबनेटमध्ये उभारला आणि त्या सबनेटची मार्गनोंद त्याच गेटवेकडे असली, तर पॅकेटला इंटरनेटपर्यंत जाण्याची वाटच उरत नाही. गेटवेची स्थिती मात्र ‘उपलब्ध’ अशीच दिसते.

जाहीर पत्ता नसणे : सार्वजनिक सबनेटमध्ये ठेवलेल्या सर्व्हरला जाहीर पत्ता दिलेला नसेल, तर राउट टेबल बरोबर असूनही तो बाहेर पोहोचत नाही. इंटरनेट गेटवे खासगी पत्त्याच्या जागी स्वतःचा पत्ता घालत नाही. ते काम नॅट गेटवेचे आहे.

खासगी प्रकारचा नॅट गेटवे निवडणे : हा प्रकार खासगी जाळ्यांमधील परस्पर संपर्कासाठी आहे. त्यातून इंटरनेटकडे जाता येत नाही.

मृत मार्गनोंद : नॅट गेटवे हटवला तरी त्याच्याकडे जाणारी नोंद राउट टेबलात उरते. एडब्ल्यूएस अशी नोंद ‘ब्लॅकहोल’ या स्थितीत दाखवते.

अधिक नेमकी नोंद आड येणे : दुसऱ्या जाळ्याकडे किंवा कार्यालयाकडे जाणारी एखादी नेमकी नोंद इंटरनेटवरील पत्त्यालाही लागू पडत असेल, तर ०.०.०.०/० ही नोंद विचारातच घेतली जात नाही.

चाचणीचे ठिकाण फसवे असणे : एस३ या साठवण सेवेसाठी व्हीपीसीमध्ये स्वतंत्र खासगी वाट करता येते. ॲमेझॉन लिनक्सच्या सुधारित आवृत्त्या एस३मध्ये ठेवलेल्या असतात. त्यामुळे इंटरनेट पूर्ण बंद असतानाही त्या उतरतात आणि जोडणी चालू असल्याचा भास होतो.

पोर्ट २५ : अवांछित ईमेलला आळा घालण्यासाठी मोठे सेवादाते या पोर्टवरून जाणारी ईमेल सामान्यतः मुळातच अडवतात. ईमेल पाठवण्यासाठी पोर्ट ५८७ वापरणे हा त्यावरचा प्रचलित उपाय आहे.

स्वतःच्या सर्व्हरवर नॅट चालवणे : असा सर्व्हर इतरांची पॅकेट पुढे पाठवतो. एडब्ल्यूएस मात्र सर्व्हरला केवळ स्वतःच्या पत्त्याची पॅकेट हाताळू देते. पाठवणारा आणि घेणारा यांच्या पत्त्याची ही तपासणी त्या सर्व्हरपुरती बंद करावी लागते.

अधूनमधून उद्भवणारे दोष

पोर्ट संपणे : एडब्ल्यूएसचा नॅट गेटवे एका जाहीर पत्त्यावरून एकाच ठिकाणाकडे एका वेळी ५५,००० जोडण्या सांभाळू शकतो. येथे ‘ठिकाण’ म्हणजे पत्ता, पोर्ट आणि संपर्कपद्धती यांचा एक संच. अनेक सर्व्हर एकाच देयक सेवेकडे सतत नवनव्या जोडण्या करू लागले, तर ही मर्यादा गाठली जाते आणि नव्या जोडण्या फसू लागतात. उघडलेली जोडणी पुन्हा पुन्हा वापरणे हा मूळ उपाय, तर गेटवेला आणखी जाहीर पत्ते जोडणे हा पूरक उपाय होय.

नोंदीची मुदत उलटणे : ३५० सेकंद कोणतीही देवाणघेवाण झाली नाही, तर एडब्ल्यूएसचा नॅट गेटवे ती नोंद काढून टाकतो. सर्व्हर मात्र जोडणी जिवंत समजत राहतो. पुढचा संदेश पाठवताच ती तुटल्याचे त्याला कळते. जोडणी जागती ठेवण्यासाठी लिनक्स पाठवत असलेला संकेत मूळ मांडणीत ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जातो. म्हणून तो वापरणारी प्रणाली असली तरी ही मुदत ३५० सेकंदांहून कमी करावी लागते.

पॅकेटचा आकार : व्हीपीसीच्या आत ९,००१ बाइटपर्यंतचे पॅकेट चालते, इंटरनेटकडे जाताना मर्यादा १,५०० बाइटची असते. मार्गावरील मर्यादा कळवणारे आयसीएमपी संदेश एखाद्या नियमाने अडवले गेले, तर जोडणी होते, लहान संदेश जातात, पण मोठी माहिती पाठवताना सारे थबकते.

क्षेत्रातील बिघाड : अनेक उपलब्धता क्षेत्रांतील सर्व्हर एकाच क्षेत्रातील नॅट गेटवेवर अवलंबून असतील, तर त्या एका क्षेत्रातील बिघाडाने सर्वांचीच बहिर्गामी जोडणी तुटते. म्हणून प्रत्येक क्षेत्रात स्वतंत्र गेटवे ठेवण्याची शिफारस केली जाते.

साधने

पिंग हे साधन डिसेंबर १९८३मध्ये माइक मूस यांनी तयार केले. ते सर्वपरिचित असले तरी त्याचा निष्कर्ष जपून काढावा लागतो. पुष्कळ संकेतस्थळे पिंगला उत्तर देत नाहीत. त्यामुळे उत्तर न येणे हा जोडणी नसल्याचा पुरावा ठरत नाही. नामशोधासाठी डिग, प्रत्यक्ष पोर्टवरील जोडणीसाठी कर्ल आणि पॅकेट प्रत्यक्ष निघाले की नाही हे पाहण्यासाठी टीसीपीडम्प अधिक उपयोगी पडतात. विनंती करणाऱ्याला त्याचाच जाहीर पत्ता परत सांगणाऱ्या सेवेला कर्लने विचारले आणि उत्तरात नॅट गेटवेचा पत्ता आला, तर जाण्यायेण्याची संपूर्ण वाट एकाच चाचणीत सिद्ध होते.

व्हीपीसीतील वाहतुकीच्या नोंदी, ज्यांना फ्लो लॉग म्हणतात, प्रत्येक प्रवाह स्वीकारला की नाकारला हे सांगतात. जाणारा प्रवाह स्वीकारलेला आणि त्याचेच उत्तर नाकारलेले दिसले, तर दोष नेटवर्क एसीएलमध्ये असतो. कारण सिक्युरिटी ग्रुप आपणच परवानगी दिलेल्या जोडणीचे उत्तर अडवत नाही. या नोंदी तत्क्षणी उमटत नाहीत. मूळ मांडणीत दहा मिनिटांपर्यंतची वाहतूक एकत्र करून त्या लिहिल्या जातात. डिसेंबर २०२०मध्ये एडब्ल्यूएसने आणलेले रीचॅबिलिटी ॲनालायझर हे साधन एकही पॅकेट न पाठवता, केवळ मांडणी वाचून वाट कोठे अडते ते दाखवते.

सुरक्षेची बाजू

जोडणी होत नसताना सर्व्हरला थेट जाहीर पत्ता देणे आणि सर्व नियम खुले करणे हा सोपा दिसणारा मार्ग घातक ठरू शकतो. जानेवारी २०१७मध्ये इंटरनेटवर परवलीच्या शब्दाविना उघड्या राहिलेल्या हजारो मोंगोडीबी डेटाबेसमधील माहिती पुसून खंडणी मागण्यात आली होती. तात्पुरते म्हणून उघडलेले दार बंद करायचे राहून गेल्यास असाच धोका संभवतो.

केवळ आत येणारी वाट बंद ठेवणेही पुरेसे नसते. डिसेंबर २०२१मध्ये लॉग४जे या जावा प्रणालींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या घटकातील लॉग४शेल हा दोष उघड झाला. हल्लेखोराने पाठवलेली विशिष्ट अक्षरमालिका सर्व्हरच्या नोंदींत लिहिली जाताच सर्व्हर स्वतःहून हल्लेखोराच्या यंत्राशी संपर्क साधून तेथून घातक आज्ञावली आणू शके. म्हणजेच हल्ल्याचा हा टप्पा बहिर्गामी जोडणीवर अवलंबून होता. ज्या सर्व्हरना मोजक्या ठिकाणीच जाण्याची मुभा होती, त्यांच्यावर हा टप्पा अडण्याची शक्यता अधिक होती. नॅट गेटवे ‘कोणी सुरुवात केली’ एवढेच पाहतो, ‘कोठे चालला’ हे पाहत नाही. ते पाहण्यासाठी बहिर्गामी नियम, प्रॉक्सी किंवा नावानुसार गाळणी करणारी फायरवॉल यांची जोड द्यावी लागते.

अन्य सेवांतील फरक

मायक्रोसॉफ्ट अझूरमध्ये नॅट गेटवे थेट सबनेटला जोडला जातो. त्यासाठी राउट टेबलात नोंद करावी लागत नाही. एका जाहीर पत्त्यामागे ६४,५१२ पोर्ट मिळतात आणि निष्क्रिय जोडणीची मूळ मुदत ४ मिनिटांची असते. हा गेटवे आयसीएमपी हाताळत नाही. म्हणून पिंग अयशस्वी होत असतानाही संकेतस्थळे उघडू शकतात. अझूरमध्ये पूर्वी सर्व्हरला काहीही न करता बहिर्गामी जोडणी मिळत असे. नव्या जाळ्यांपुरती ही सोय मागे घेऊन ग्राहकाने वाट स्पष्टपणे निवडावी असे धोरण मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे.

गूगल क्लाउडमध्ये क्लाउड नॅट हे मधले स्वतंत्र यंत्र नसून जाळ्याच्या आज्ञावलीतच विखुरलेली सेवा आहे. पोर्टचे वाटप सर्व्हरनिहाय होते. स्थिर वाटप असेल, तर प्रत्येक सर्व्हरला मूळ मांडणीत किमान ६४ पोर्ट मिळतात. गर्दीच्या सर्व्हरला ते अपुरे पडू शकतात. त्यामुळे तेथे पोर्ट संपण्याचा दोष जाळ्यातील एकाच सर्व्हरपुरता दिसू शकतो.

आयपीव्ही६ आणि बहिर्गामी जोडणी

आयपीव्ही६ पत्ता १२८ बिटांचा असल्याने पत्त्यांची टंचाई उरत नाही आणि त्यापोटी रूपांतर करण्याची गरजही राहत नाही. परंतु प्रत्येक सर्व्हरला जाहीर पत्ता मिळाल्याने बाहेरून आत येण्याला निराळा अटकाव हवा. एडब्ल्यूएसमध्ये त्यासाठी केवळ बहिर्गामी असा स्वतंत्र इंटरनेट गेटवे असतो आणि राउट टेबलात ::/० ही नोंद त्याच्याकडे वळवावी लागते. एखाद्या संकेतस्थळाचे दोन्ही प्रकारचे पत्ते असतील आणि सर्व्हरचा आयपीव्ही६ मार्ग अपुरा असेल, तर प्रणाली आधी तो मार्ग वापरून पाहते, वेळ संपल्यावर आयपीव्ही४कडे वळते आणि जोडणी ‘संथ’ भासते. अशा वेळी दोन्ही मार्गांची चाचणी स्वतंत्रपणे घेतल्यास दोष उघड होतो. १ फेब्रुवारी २०२४पासून एडब्ल्यूएस प्रत्येक जाहीर आयपीव्ही४ पत्त्यासाठी शुल्क आकारते. त्यामुळे आयपीव्ही६कडे वळण्याला आर्थिक कारणही मिळाले आहे.